अपेक्षाभंग मेंदूत कुठे घडतो?

बारावीच्या निकालाच्या दिवशी 88 टक्के मिळालेली मुलगी उशीत तोंड खुपसून रडत असते, कारण तिने 95 धरले होते. त्याच सोसायटीत वरच्या मजल्यावरून पेढे येतात. तिथल्या मुलाला 54 मिळालेत, पण तो सुटेल याचीच घरात कुणाला खात्री नव्हती. मग मुलीची समजूत काढायला आलेली मंडळी म्हणतात, ‘‘अगं, एवढे चांगले मार्क पडलेत, रडतेस काय?’’ ही समजूत तिला पटत नाही, आणि ती पटण्यासारखी नसतेच. मेंदूला 88 शी फारसं देणंघेणं नाही. तो मोजतो 95 आणि 88 मधली तफावत.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. ही वजाबाकी करणाऱ्या पेशी सापडल्या आहेत.

डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, असं मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून इतक्यांदा सांगितलं जातं की आता ‘डोपामिन डिटॉक्स’चे कोर्सही निघाले आहेत. प्रत्यक्षात काय दिसलं ते पाहा. स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्ग विद्यापीठात वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशींमध्ये केसासारखी बारीक तार सोडून त्यांचे विद्युत स्पंद टिपत होते. या पेशी एरवी सेकंदाला चार-पाच स्पंद देत संथपणे चालू असतात. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब दिला की स्पंदांचा सडाका यायचा. इथवर ‘आनंदाचं रसायन’ हे म्हणणं खपून जातं. मग रसाच्या आधी दरवेळी एक दिवा लावायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत पेशी दिवा लागताच उसळू लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळाल्यावर ढिम्म राहिल्या. रस तोच, गोडी तीच. फरक इतकाच की आता तो अपेक्षित होता.

खरी गंमत पुढे आहे. एके वेळी दिवा लागला आणि रस आलाच नाही. जीभेवर काही पडलं नाही, आवाज झाला नाही, बाहेरच्या जगात काहीही घडलं नाही. तरीही रस यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी पेशींचे संथ स्पंदही थांबले, आलेखावर मोकळी पट्टी उमटली. न घडलेल्या गोष्टीची वेळ मेंदूने धरून ठेवली होती! शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी 1997 साली हे सारं एका साध्या सूत्रात बसवलं: मिळालेलं वजा अपेक्षिलेलं. उत्तर शून्याखाली गेलं की पेशी गप्प.

मग या पेशींना गप्प कोण करतं? मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत आवडतं पात्र इथे येतं. मेंदूच्या अगदी मध्यात, पिनियल ग्रंथीच्या देठाशी, दोन्ही बाजूंना वाटाण्याहूनही लहान अशी एकेक गाठ असते. तिचं नाव हॅबेन्यूला. माशांपासून माणसापर्यंत सगळ्या पाठीच्या कण्याच्या प्राण्यांत ती आहे, म्हणजे निराशेची ही यंत्रणा विचार करणाऱ्या मेंदूपेक्षा कितीतरी जुनी. (पिनियल ग्रंथीला ‘तिसरा डोळा’ ठरवून तो उघडून देणारी शिबिरं गावोगावी भरतात. ती ग्रंथी मेलाटोनिन बनवते आणि झोपेचं वेळापत्रक सांभाळते. ती चेतवून कुणाचं नैराश्य जातं याला काडीचा पुरावा नाही. पैसे वाचवा.)

2007 साली अमेरिकेत मासायुकी मात्सुमोतो आणि ओकिहिदे हिकोसाका यांनी माकडांना एक खेळ शिकवला. पडद्यावर एका बाजूला खूण दिसली तर रस, दुसऱ्या बाजूला दिसली तर काही नाही. ‘काही नाही’ची खूण दिसताच हॅबेन्यूलाच्या बाहेरच्या भागातल्या पेशी तडतडू लागायच्या आणि पाठोपाठ डोपामिनच्या पेशी गप्प व्हायच्या. क्रम महत्त्वाचा: आधी हॅबेन्यूला, मग डोपामिन. संशोधकांनी तारेतून क्षीण प्रवाह देऊन हॅबेन्यूला चेतवली, तेव्हाही डोपामिन थांबलं. म्हणजे ब्रेकचं पेडल सापडलं होतं. हे काम थेट होत नाही. हॅबेन्यूला ग्लुटामेट हे चेतवणारं रसायन सोडून मधल्या एका पेशीसमूहाला जागं करते आणि तो गॅबा हे शांत करणारं रसायन सोडून डोपामिनच्या पेशींना दाबतो.

अपेक्षाभंग झाला की ब्रेक लागतो, मग सुटतो. तो सुटलाच नाही तर? चीनमधल्या झेजियांग विद्यापीठात हैलान हू यांच्या गटाने 2018 साली, पटकन हार मानणाऱ्या वाणाच्या उंदरांमध्ये, हॅबेन्यूलाच्या पेशी सुटे स्पंद न देता झुपक्या-झुपक्यांनी देतात, म्हणजे ब्रेक जोरात दाबून धरतात, असं दाखवलं. कारण मोठं नाजूक आहे. पेशींना वेढणाऱ्या तारकापेशींवर पोटॅशियम शोषणारी एक वाहिनी (पेशीच्या आवरणातलं बारीक दार) वाढते. भोवतालचं पोटॅशियम घटतं, चेतापेशीचा आतला विद्युतदाब आणखी ऋण होतो, आणि त्यामुळेच एरवी बंद पडून राहणाऱ्या टी-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्या पुन्हा उघडण्याजोग्या होतात. त्या उघडल्या की एनएमडीए ग्राहकांची (ग्लुटामेटचा संदेश पकडणाऱ्या रेणूंची) साथ मिळून स्पंदांचा झुपका उडतो. केटामिन हे भुलीचं औषध एनएमडीए ग्राहक अडवतं. ते थेट हॅबेन्यूलात सोडल्यावर झुपके थांबले आणि तासाभरात उंदीर पुन्हा धडपड करू लागले.

इथे ‘निराशेचं बटण सापडलं’ अशी बातमी करायचा मोह होतो. तो टाळावा. 2017 साली ब्रिटनमध्ये नैराश्याच्या रुग्णांची स्कॅनरमध्ये तपासणी झाली. वीजेच्या झटक्याची सूचना देणारी खूण पाहिल्यावर निरोगी माणसांची हॅबेन्यूला जास्त चेतली, रुग्णांची मात्र उलट मंदावली. उंदरांवरून बांधलेल्या अंदाजाच्या नेमकं विरुद्ध. शिवाय केटामिन हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं औषध आहे.

घरोघरी दिला जाणारा एक सल्ला मात्र तपासून झाला आहे: ‘अपेक्षाच ठेवू नकोस, म्हणजे दुःख होणार नाही.’ लंडनमध्ये रॉब रटलेज आणि सहकाऱ्यांनी 2014 साली फोनवरच्या जुगारासारख्या खेळात 18,420 जणांना मध्येमध्ये विचारलं, आत्ता तुम्ही किती खूश आहात? एकूण किती जिंकलं यापेक्षा नुकत्याच आलेल्या डावांतली तफावत उत्तर ठरवत होती, आणि तिचा परिणाम काही डावांतच विरत होता. पण त्याच गणितात नुसत्या अपेक्षेनेही आनंदात भरच पडली. चांगलं होईल असं वाटणं हाच थोडा आनंद असतो. निकालाआधीचे ते दिवस मुलीने 95 च्या भरवशावर सुखात काढले, ते कमी करून काय साधलं असतं?

माणूस गमावल्याचं दुःख एका निकालाइतकं सोपं नाही. पण मला वाटतं, त्यातही या वजाबाकीचा वाटा असावा. संध्याकाळी सातला गेट वाजेल, ताटं चार लागतील, फोन करायला नंबर आहेच, असे शेकडो अंदाज मेंदूने वर्षानुवर्षं धरलेले असतात आणि ते एकेक करून चुकत जातात. प्रत्येक चुकीनंतर अंदाज थोडा खाली सरकतो. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत मात्र रशियन शास्त्रज्ञ पावलॉवच्या काळापासून दिसलं आहे की असं आधी शिकलेलं पुसलं जात नाही, फक्त झाकलं जातं. काही काळ लोटला की जुना संकेत दिसताच जुनी प्रतिक्रिया परत येते. सावरलेला माणूस वर्षश्राद्धाला किंवा पहिल्या दिवाळीला कोसळतो, तेव्हा त्याला ‘अजून विसरला नाहीस?’ असं विचारू नये.

उदासी दिवसाचा बहुतेक वेळ व्यापून दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-जेवण बिघडलं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर डॉक्टरांकडे जावं. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.