बोत्स्वानातील टोपलीविणकाम

बोत्स्वानाच्या वायव्य भागातील न्गामीलँड प्रदेशात, ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या काठाने वसलेल्या गावांत चालणारी टोपलीविणकामाची ही पारंपरिक हस्तकला प्रामुख्याने बायेयी आणि हाम्बुकुशू या समाजांतील स्त्रियांनी जोपासली आहे. बायेयी या भागात फार पूर्वीपासून राहतात. हाम्बुकुशूंपैकी अनेक कुटुंबे मात्र १९६० च्या दशकाच्या अखेरीस अंगोलातील युद्धामुळे निर्वासित होऊन आली आणि एत्शा १ ते एत्शा १३ अशी क्रमांकांनीच ओळखली जाणारी गावे त्यांच्यासाठी वसली. घरदार सोडून आलेल्या या बायकांनी हातातली कला सोबत आणली, आणि एत्शा व जवळचे गुमारे ही या कलेची मोठी केंद्रे झाली.

टोपलीचा मुख्य कच्चा माल म्हणजे मोकोला या ताडवर्गीय झाडाचे कोवळे, अजून न उलगडलेले पान. ते चिरून त्याच्या बारीक पट्ट्या काढतात. गवताची जुडी किंवा वेलीची काडी गाभा म्हणून घेऊन तो तळाच्या मध्यापासून गोल गोल फिरवीत नेतात आणि प्रत्येक वेढा दाभणाने भोक पाडून ओल्या पट्टीने आधीच्या वेढ्याशी शिवतात. त्यामुळे याला विणकाम म्हणत असले तरी ते खरे पाहता शिवणकामाच्या जवळचे आहे. टाके जितके बारीक आणि दाट, तितकी टोपली टिकाऊ. मोठ्या टोपलीला कित्येक आठवडे लागतात. तपकिरी रंगासाठी मोत्लाकोला या झुडपाची मुळे आणि तांबूस छटेसाठी मोत्सेन्त्सिला या झाडाची साल पाण्यात उकळून पट्ट्या त्यात रंगवतात.

आकार ठरतो तो उपयोगावरून. धान्य आणि बियाणे साठवण्यासाठी झाकणाच्या, पोट सुटलेल्या उंच टोपल्या असतात. त्यांचे काम आपल्याकडच्या कणगीचे. डोक्यावरून धान्य वाहून नेण्यासाठी पसरट तोंडाच्या टोपल्या, तर पाखडण्यासाठी ‘लेसेलो’ ही थाळीसारखी उथळ टोपली वापरतात. ज्वारी-बाजरीपासून केलेली बिअर ठेवण्याच्या टोपलीची वीण विशेष घट्ट असते: द्रव लागताच पट्ट्या फुगतात, फटी बुजतात आणि गळती थांबते.

घरगुती वापराच्या जुन्या टोपल्यांवर नक्षी बेताचीच असे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या बोत्स्वानाक्राफ्ट या संस्थेने गावोगावच्या टोपल्या विकत घेऊन देशाबाहेर पोहोचवायला सुरुवात केल्यावर विणकरणींना रोख उत्पन्नाचे साधन मिळाले आणि नक्षीला बहर आला. तिची नावे भोवतालच्या प्राण्यांवरून पडलेली आहेत: जिराफाचे अश्रू, झेब्र्याचे कपाळ, कासवाचे गुडघे, धावता शहामृग. चालत्या बैलाच्या मूत्राची रेघ हे नाव असलेली नागमोडी नक्षी मराठी वाचकाला ओळखीची वाटेल, कारण अशाच रेघेला आपल्याकडे गोमूत्रिका म्हणतात आणि त्या नावाचा चित्रकाव्याचा, म्हणजे अक्षरे आकृतीत मांडणाऱ्या काव्याचा, एक बंधही आहे. गुरांमागून चालणाऱ्या दोन दूरच्या समाजांना एकच रेघ दिसावी आणि दोघांनीही तिला तेच नाव द्यावे, ही गोष्ट मोठी विलोभनीय आहे.

मागणी वाढली तसा झाडांवरील ताणही वाढला. मोकोला सावकाश वाढतो. त्याचा रस काढून ताडी करतात, पाने गुरेही खातात, आणि विणकरणीला हवे असते ते नेमके वाढीच्या टोकाचे कोवळे पान. १९८० च्या दशकात झालेल्या पाहणीत मोकोला आणि रंगासाठी लागणारी झाडे या दोहोंची गावांजवळ हानी झाल्याचे दिसून आले. रंगाच्या झाडांची मुळे खणली जातात आणि साल सोलली जाते, म्हणून तेथील नुकसान भरून येणे अधिक कठीण असते. ताडाचे तसे नाही: कुऱ्हाडीने सबंध फुटवा तोडण्याऐवजी सुरीने मोजकी पाने काढली, तर तेच झाड पुन्हा पाने देते.