अंध गायक व इटालियन ऑपेरा

इटालियन ऑपेराची (संगीतिकेची) तालीम छापील स्वरलिपीवरून होते आणि प्रयोग वाद्यवृंद-संचालकाच्या छडीच्या इशाऱ्यांवर चालतो. त्यामुळे ऑर्गनवादनात अंध कलावंतांची परंपरा जुनी असली, तरी ऑपेराच्या रंगमंचावर ते तुरळकच दिसतात. फ्लॉरेन्सचा अंध ऑर्गनवादक फ्रांचेस्को लांदिनी (सु. १३२५–१३९७) याचे नाव या संदर्भात घेतले जाते, पण पहिला ऑपेरा त्याच्यानंतर सु. दोनशे वर्षांनी झाला, तेव्हा हा संबंध ओढूनताणूनच लावावा लागतो.

मारिया टेरेसिया फॉन पाराडिस (१७५९–१८२४) हिचे उदाहरण अधिक समर्पक. बालपणीच दृष्टी गेलेली ही व्हिएन्नाची गायिका व पियानोवादक रिगीनी आणि सालिएरी या इटालियन गुरूंकडे गायन शिकली. खुंट्या खोचण्याच्या पाटीवर ती स्वररचना करी. तिच्या नावावर वाजवली जाणारी ‘सिसिलियेन’ ही वाद्यरचना मात्र बहुधा विसाव्या शतकातील व्हायोलिनवादक सॅम्युअल डुशकिन याचीच. रचनेचे जर्मन संगीतकार वेबर याच्या एका सोनाटाशी (वाद्यरचनेशी) असलेले साम्य पाहता हेच मत ग्राह्य वाटते.

ब्रेल स्वरलिपी (अंधांसाठी उठावाच्या ठिपक्यांची) : लुई ब्रेलच्या १८२९ च्या पुस्तकाच्या शीर्षकातच संगीत आहे, परंतु आजची स्वरलिपी त्यात पूर्णावस्थेत होती असे मानता येत नाही, ती सु. १८३४ पर्यंत स्थिरावली असावी. १८८८ मध्ये कोलोन येथे तिला आंतरराष्ट्रीय रूप देण्यात आले. तीत छापील स्वरलिपीतल्या पाच रेघा नाहीत. डो ते सी हे सात स्वर डी ते जे या अक्षरांच्या ठिपक्यांनी दाखवतात. मूळ खूण अष्टमांश स्वराची (पूर्ण स्वराच्या आठव्या भागाइतका काळ टिकणाऱ्या). तिला घरातील (सहा ठिपक्यांच्या चौकटीतील) सहावा ठिपका जोडल्यास चतुर्थांश, तिसरा जोडल्यास अर्धा आणि दोन्ही जोडल्यास पूर्ण स्वर होतो. गोम अशी की पूर्ण स्वर आणि षोडशांश स्वर यांची खूण एकच असते. कोणता घ्यायचा हे मात्रा मोजून ठरवावे लागते. म्हणून जलद तानांच्या जागी वाचक अडखळू शकतो. सप्तकाची खूण स्वराच्या आधी येते. आधीच्या स्वरापासून अंतर दुसऱ्या-तिसऱ्या स्वराचे असेल तर ती गाळतात, चौथ्या-पाचव्याचे असेल तर सप्तक बदलले तरच देतात, सहाव्यापासून पुढे नेहमी देतात. ही एक खूण बोटातून निसटली की पुढची अख्खी ओळ चुकीच्या सप्तकात जाते.

गायनाच्या प्रतीत शब्दांची ओळ वर आणि स्वरांची खाली, दोन घरे सोडून असते. दोन्ही वेगवेगळ्या पाठ करून मग जोडतात. इटालियनमध्ये लगतचे दोन शब्द एकाच स्वरावर मिळून जातात (‘नेल्यी ओक्की’चे ‘नेल्योक्की’), ते लक्षात आले नाही, तर स्वरांशी जुळवताना एक अक्षर उरते.

रंगमंचावर : अंध गायक सहगायकाच्या श्वासावरून, वाद्यवृंदाच्या सुरुवातीवरून आणि प्रॉम्प्टर (गायकांना शब्द सुचवणारा) आधी उच्चारतो त्या शब्दांवरून उठावणी (गाणे सुरू करण्याची जागा) धरतो. १७ मीटरवरच्या वाद्याचा आवाज सु. ०.०५ सेकंद उशिरा पोचतो. डोळस गायकाला कानापेक्षा छडीवर विसंबायला शिकवतात. अंध गायकाला तो पर्यायच नसल्याने मागे पडण्याची भीती असते. लांबवलेल्या स्वरानंतर सर्वांनी एकदम सुटायच्या जागा सर्वांत अवघड.

आंद्रेआ बोचेल्ली (१९५८– ) : जन्मजात काचबिंदू, बाराव्या वर्षी फुटबॉल लागून पूर्ण अंधत्व. इटालियन गायक फ्रांको कोरेल्लीकडे शिक्षण. ‘मॅकबेथ’मध्ये मॅकडफ (पिसा, १९९४), ‘ला बोएम’मध्ये रोदोल्फो (काल्यारी, १९९८). ‘वेर्थर’ (डेट्रॉइट, १९९९) हा फ्रेंच ऑपेरा असल्याने या नोंदीत विचारात घेतलेला नाही.