फौजदारी खटल्यातील तडजोड

गुन्हा हा सरकारविरुद्धचा मानला जातो. त्यामुळे दोन्ही पक्षांत समेट झाला तरी खटला आपोआप संपत नाही. कोणता गुन्हा कोणी मिटवायचा हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३५९ ठरवते. ही संहिता लागू झाली त्या १ जुलै २०२४ रोजी प्रलंबित असलेल्या खटल्यांना जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३२० लागू राहते.

कलमात दोन कोष्टके आहेत. पहिल्यातील गुन्हे, उदाहरणार्थ साधी दुखापत, ज्याला इजा झाली तो स्वतः मिटवू शकतो. दुसऱ्यातील गुन्ह्यांना, उदाहरणार्थ फसवून मालमत्ता घेण्याला, न्यायालयाची परवानगी लागते. फिर्याद भावाने दिली आणि मार दुसऱ्याला लागला असेल, तर सही मार लागलेल्याचीच हवी. अर्ज इथेच वारंवार अडतात. पोलीस ठाण्यातली ‘मांडवली’ गुन्हा नोंदवल्यानंतर खटला संपवू शकत नाही.

किल्ला कोर्ट असो वा अंधेरी, दोन्ही पक्ष सह्यांची तडजोड पुरसिस (न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन) दाखल करतात, वकील ओळख पटवतात, दंडाधिकारी समेट स्वेच्छेने झाला का हे विचारून घेतात. तडजोड नोंदली की आरोपी निर्दोष सुटतो. म्हणूनच हप्त्यांच्या भरवशावर पुरसिस देणे घातक आहे: पुढे पैसे थांबले तरी संपलेला खटला सहसा पुन्हा उभा राहत नाही. शेवटची रक्कम हाती येईपर्यंत पुढची तारीख मागावी, किंवा डिमांड ड्राफ्ट न्यायालयातच घ्यावा.

वैवाहिक छळाचा गुन्हा (पूर्वीचे ४९८अ, आता न्याय संहितेचे कलम ८५) महाराष्ट्रात कोष्टकाबाहेर आहे. तो लोकअदालतीतही मिटत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली मुंबई उच्च न्यायालयात रद्द करून घ्यावा लागतो. सोबत फिर्यादी पत्नीचे संमतीचे प्रतिज्ञापत्र जोडतात. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात संमतीचा घटस्फोट सुरू असेल, तर रकमेचे टप्पे दोन्हीकडे सारखेच लिहावेत. सासू, दीर, नणंद यांपैकी एकाचे नाव याचिकेतून सुटले, तर त्या व्यक्तीवरचा खटला चालूच राहू शकतो. खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गुन्हे समेटावरून रद्द करू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ग्यान सिंग प्रकरणात २०१२ साली स्पष्ट केले.

धनादेश न वटल्याची प्रकरणे परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १४७ खाली केव्हाही मिटतात, पण उशीर महाग पडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५च्या निर्देशांनुसार बचावाचा पुरावा नोंदण्यापूर्वी रक्कम भरल्यास वेगळा खर्च नाही. त्यानंतर निकालापूर्वी धनादेशाच्या रकमेच्या ५ टक्के, सत्र व उच्च न्यायालयात ७.५ टक्के.

प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षेसाठी वाटाघाट, ही वाट वेगळी. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे त्यात येतात. स्त्रिया व मुलांविरुद्धचे वगळले आहेत. दोषारोप ठेवल्यापासून ३० दिवसांत आरोपीने अर्ज करायचा, वाटाघाटीला कमाल ६० दिवस. शिक्षा कमी होते, पण दोषसिद्धी कायम राहते. सरकारी नोकरी किंवा परवाना पणाला लागलेल्याने अर्जावर सही करण्याआधी हे वकिलाकडून नीट समजून घ्यावे, कारण त्या निकालावर नेहमीचे अपील नाही.