वनस्पतींचे मुख्य गट आणि त्यांचं प्रजनन : मुंबईत बघायला मिळतं तसं

वनस्पतींचे ढोबळ गट पाच. शैवाल, शेवाळी म्हणजे मॉस आणि त्याची भावंडं, नेचे म्हणजे फर्न, अनावृत्तबीजी म्हणजे उघड्या बियांची झाडं आणि आवृत्तबीजी म्हणजे फुलझाडं. शाळेत थॅलोफायटा, ब्रायोफायटा, टेरिडोफायटा असं पाठ करून घेतात आणि परीक्षा झाली की सगळं विसरायला होतं, कारण हे गट कशावरून पाडले ते कोणी नीट सांगतच नाही. खरं तर एकच प्रश्न धरून बसलं तरी बरंच उलगडतं : झाडाला जागचं हलता येत नाही, मग नराची पेशी मादीच्या पेशीपर्यंत पोचते कशी? पहिल्या तीन गटांत त्यासाठी पाणी लागतं, पुढच्या दोन गटांत ती परागकणात बसून येते. मुंबईत समुद्र आहे आणि चार महिने पाऊस, त्यामुळे हे पाचही गट लोकलच्या अंतरावर दिसतात.

शैवालाचं लवकर आटपतं. ओहोटीला बँडस्टँडच्या खडकांवर पातळ हिरवी पानं चिकटलेली दिसतात ती उल्वा. दिसायला पान, पण मूळ-खोड-पान असं काही वेगळं नसतंच, जाडी फक्त दोन पेशींची. ती आपल्या पेशी सरळ समुद्रात सोडून देते, त्यांना शेपट्या असतात, त्या पोहत जाऊन एकमेकींना भेटतात.

शेवाळीपाशी मात्र थांबायला हवं, कारण भिंतीवरच्या हिरव्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो आणि इथेच घोळ होतो. बिल्डिंगच्या कंपाउंड वॉलवर पहिल्या पावसानंतर जो मखमली थर येतो तो बहुतेक वेळा मॉस असतो, म्हणजे शैवालापेक्षा पूर्ण वेगळा गट. उन्हाळाभर काळा पडून मेल्यासारखा बसलेला असतो आणि पाणी पडलं की थोड्याच वेळात हिरवा होतो. ऑगस्टमध्ये मोबाईलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन बघा, त्या मखमलीतून केसासारखे बारीक देठ वर आलेले असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला एक इवलीशी कुपी. खालचं हिरवं झाड ही एक पिढी आणि वरचा देठ ही तिची पुढची पिढी, आईच्याच अंगावर वाढलेली आणि तिच्याच जिवावर जगणारी! खालच्या झाडात गुणसूत्रांचा एकच संच असतो. पाऊस पडला की पाण्याच्या पातळ थरातून दोन शेपट्यांची नरपेशी पोहत मादीच्या सुरईसारख्या अवयवात शिरते, फलन होतं, त्यातून दोन संचांचा देठ उगवतो. मग कुपीत बीजाणू तयार होतात, ते वाळले की वाऱ्यावर उडतात आणि जिथे ओल मिळेल तिथे पुन्हा हिरवं झाड. याला पिढ्यांचं एकांतरण म्हणतात. 1851 साली विल्हेल्म हॉफमाइस्टर या जर्मन अभ्यासकाने दाखवून दिलं की मॉसपासून सूचिपर्णी झाडांपर्यंत सगळ्यांत हाच क्रम लपलेला आहे, आणि मला तरी वनस्पतीशास्त्रातला हा सगळ्यात सुंदर शोध वाटतो.

नेच्यांमध्ये पारडं उलटं फिरतं. जुन्या चाळींच्या ड्रेनेज पाईपच्या सांध्यातून जे झुपकेदार फर्न बाहेर येतं ती दोन संचांची पिढी, आता तीच मोठी. त्यात पाणी वर नेणाऱ्या नळ्या असतात म्हणून ते उंच होऊ शकतं. पानाच्या मागे किंवा कडेला तपकिरी ठिपके आले की लोक कीड समजून औषध मारतात, कृपा करून मारू नका, त्या बीजाणूंच्या पिशव्या आहेत. बीजाणू रुजला की आधी नखापेक्षाही लहान, बदामाच्या आकाराचा हिरवा तुकडा होतो आणि नरपेशी त्या तुकड्याखालच्या ओलीतून पोहत जाते. म्हणजे झाड मोठं झालं तरी पावसाची गरज काही सुटली नाही.

ती सुटली बीज असलेल्या झाडांत. अनावृत्तबीजी गटात जगभरात साधारण हजारच जाती उरल्या आहेत. सोसायटीच्या गेटपाशी कुंडीत असतो तो सायकस यातलाच, आणि लहानपणी विद्या येते म्हणून वहीत जपून ठेवायचो ती मोरपंखीसुद्धा. यांचं बी उघडं असतं, त्याभोवती फळ नसतं. सायकस तर मधल्या पायरीवरच उभा आहे. परागकण वाऱ्यावर किंवा किड्यांच्या अंगावर येतो, पण बीजांडाजवळ पोचल्यावर त्यातून चक्क पोहणारी नरपेशी बाहेर पडते. हे 1896 साली जपानमध्ये इकेनो यांनी सायकसमध्ये आणि हिरासे यांनी गिंको या याच गटातल्या झाडात पाहिलं. मोरपंखीत तेवढंही पोहणं नाही, परागकणातून एक नळी निघते आणि ती नरपेशीला थेट आत नेऊन सोडते.

उरलेला सगळा पसारा फुलझाडांचा, तीन लाखांच्या आसपास जाती. भात, बांबू, नारळ, केळ ही एकबीजपत्री, म्हणजे बियात एकच दल असलेली, आंबा, वड, कारवी ही द्विबीजपत्री, म्हणजे दोन दलांची. इथे बी अंडाशयात झाकलेलं असतं आणि फलन दोनदा होतं. एक नरपेशी अंडपेशीला मिळून गर्भ होतो, दुसरी आतल्या दोन केंद्रकांना मिळून गर्भाची शिदोरी तयार होते. 1898 मध्ये रशियन शास्त्रज्ञ नवाशिन यांनी हे शोधलं. शहाळ्याचं पाणी आणि आतली मलई म्हणजे ही शिदोरीच, आपण स्ट्रॉ लावून पितो ती.

फुलायच्या आणि परागण करायच्या, म्हणजे पराग पोचवायच्या, तऱ्हा तर इतक्या आहेत की विचारू नका. जूनच्या सुमारास आदिवासी बायका दादरच्या बाजारात शेवळं घेऊन बसतात, ती भाजी म्हणजे सुरणाच्या भावंडाचा फुलोरा, मधल्या दांड्याच्या खालच्या भागाला दाण्यांसारखी लागलेली असतात ती फुलं. बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधली कारवी सात-आठ वर्षं नुसती वाढते आणि मग एकदमच फुलते, 2016 मध्ये फुलली, 2024 मध्ये फुलली, आणि बी धरून मरून जाते.

पण माझ्या मते सगळ्यात भारी उंबर. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल झालास म्हणतो, पण फुलं रोज समोरच असतात. ज्याला फळ म्हणतो ती तोंड मिटलेली पिशवी आहे आणि शेकडो फुलं आतल्या बाजूला. वरच्या बारीक भोकातून एक चिमुकली गांधीलमाशी घुसते, घुसताना तिचे पंख तुटतात, ती आत फुलांना पराग लावते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिची बिनपंखांची नर पिल्लं बाहेर पडायची वाट कोरतात आणि माद्या अंगावर पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. उंबर फोडून केंबरं काढायची म्हणतात ना, ती केंबरं हीच. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी.

काहींना हे काहीच लागत नाही. केळ मुनव्यांवर वाढते, पानफुटीच्या पानाच्या कडेलाच रोपं फुटतात, आणि खिडकीतल्या बाटलीतल्या मनीप्लांटला तर फूल जवळजवळ कधीच येत नाही, शेजारणीने दिलेल्या फांदीची फांदी असं करत करत तो घरोघरी पोचलाय.

आणि खाडीतली कांदळ. खाऱ्या चिखलात बी पडलं तर रुजणं कठीण, म्हणून तिचं बी झाडावर असतानाच रुजतं. फांदीला हिरव्या लांब शेंगा लटकताना दिसतात त्या शेंगा नाहीत, रोपं आहेत. तयार झाली की गळून पडतात, ओहोटी असेल तर तिथेच चिखलात रुततात, भरती असेल तर तरंगत निघून जातात आणि दुसऱ्या किनाऱ्याला टेकली की मुळं सोडतात.