फ्रिज बंद पडला आणि माळ्यावरचा माठ खाली आला

घरात कोंडून बसणं आम्हा कोल्हापूरकरांना २०२० च्या आधीच माहीत झालं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडले, तिथं धोक्याची पातळीच ४३ फूट आहे म्हणजे बघा काय झालं असेल. हायवे बंद, दुधाची गाडी बंद, आणि सगळीकडं पाणीच पाणी असून नळाला थेंब नाही कारण उपसा केंद्रंच पाण्याखाली गेलेली. त्यातनं जरा कुठं सावरतोय, आठ महिने पण झाले नाहीत, तोवर २५ मार्चपासून लॉकडाऊन लागला.

आणि त्यातच एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमचा फ्रिज बंद पडला. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला वहिनी, दुकानच उघडायची परवानगी नाही, पार्ट कुठनं आणू. खरंच होतं त्याचं. मी डोक्याला हात लावून बसले, तर आत्या (माझ्या सासूबाई) म्हणतात कशा, "अगं फ्रिज नव्हता तवा काय माणसं उपाशी मरत होती व्हय?" आणि त्यांनी पोराला माळ्यावर चढवून जुना माठ खाली घेतला.

एक आधीच सांगते, त्या काळाचं कौतुक करायला मी हे लिहीत नाहीये. ज्यांचं हातावर पोट होतं त्यांचे फार हाल झाले, कितीतरी घरांत माणसं गेली, आमच्या गल्लीतही गेली. पण नाइलाजानं का होईना, त्या दोन-अडीच महिन्यांत आम्ही जसं साधं राहिलो त्यात मला जे विज्ञान बघायला मिळालं ते एरवी कधीच दिसलं नसतं, कारण त्याला एकच गोष्ट लागते आणि ती आमच्याकडं कधी नव्हती, ती म्हणजे वेळ.

तर माठ. दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवला, मग खिडकीपाशी ओल्या वाळूवर बसवला, तोंडाला झाकण. पोरगा सातवीत, त्याच्या सायन्स किटमध्ये काचेचा थर्मामीटर होता. दुपारी तीन वाजता स्टीलच्या पातेल्यातलं पाणी ३४ डिग्री आणि त्याच खोलीत, त्याच खिडकीपाशी माठातलं २६. वीज नाही, काही नाही, आठ डिग्रीचा फरक! त्यानं तीनदा मोजलं, त्याला वाटलं थर्मामीटर बिघडला.

होतं काय तर भाजलेल्या मातीला बारीक बारीक छिद्रं असतात, त्यातनं पाणी झिरपून बाहेरच्या अंगाला येतं आणि तिथनं उडून जातं. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, उकळायलाच पाहिजे असं काही नाही, साध्या तापमानाला वाफ होतानासुद्धा एका ग्रॅमला ५८० कॅलरीच्या आसपास उष्णता लागते आणि ती बरीचशी माठातल्या उरलेल्या पाण्याकडनंच घेतली जाते. आता हिशोब करा. दहा लिटर पाणी दहा डिग्रीनं थंड करायचं म्हणजे एक लाख कॅलरी काढायला पाहिजेत, त्याला ५८० नं भागलं की येतात साधारण १७२ ग्रॅम. म्हणजे दहा लिटरमधलं जेमतेम एक फुलपात्रभर पाणी उडून गेलं की बाकीचं सगळं गार. प्रत्यक्षात थोडं जास्त उडतं कारण बाहेरची उष्णता पण आत शिरत असते, पण गणित एवढंच आहे. पोरानं हे वहीत स्वतः करून बघितलं आणि मग माठाच्या बाहेरच्या ओलीवर हात फिरवत बसला बराच वेळ.

म्हणूनच माठाला ऑइलपेंट लावला की तो गार करत नाही, छिद्रं बुजतात. जुन्या माठाचंही तेच होतं, पाण्यातले क्षार साठून छिद्रं भरतात, कुंभार म्हणतो दरवर्षी नवा घ्या ते काही नुसतं धंद्यासाठी म्हणत नाही.

फ्रिज नसल्यामुळं दुसरी गोष्ट झाली ती मटकीची. एरवी मी काय करायचे, रविवारी मिसळ करायची तर मंडईतनं मोड आलेली मटकी पिशवीत आणायची. आता मंडई कधी उघडी कधी बंद, भाजी मिळेल तशी. पण घरात कोरडी मटकी, मूग, चवळी भरपूर होते. मग आत्यांनी रोजचं चक्रच लावलं, सकाळी मटकी भिजत घालायची, रात्री उपसून ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधायची, पातेल्यात ठेवून वर वजन, की दुसऱ्या दिवशी सकाळी मोड.

एकदा पहाटे मी ते गाठोडं उचललं तर कोमट लागलं हाताला. आधी वाटलं गॅसजवळ होतं म्हणून, पण नाही, ते मोरीच्या कट्ट्यावर होतं, फडकं बाहेरनं गार आणि आत बोट घातलं की ऊब. ती ऊब मटकीची स्वतःची. कोरडं कडधान्य मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. पाणी शोषलं की आतली एन्झाइम्स जागी होतात, साठवलेल्या पिठाची साखर करतात, दाणा जोरात श्वास घ्यायला लागतो आणि आपलं शरीर अन्नापासून शक्ती काढतं तेव्हा जशी उष्णता निघते तशीच त्याच्यातनंही निघते. एका दाण्याची कळणार नाही, पण वाटीभर दाणे एकत्र बांधले की हाताला कळते. आणि ज्याला आपण मोड म्हणतो ते खरं तर मूळ असतं, पान नंतर येतं. रोप आधी पाय रोवतं.

आता यातली सगळ्यात मोठी गोष्ट. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच, आणि मोड येताना ते नव्यानं तयार होतं. मुगाच्या मोडांत १०० ग्रॅमला साधारण १३ मिलिग्रॅम असतं. वाचायला थोडं वाटेल, पण स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्यानं होणारा आजार, टाळायला दिवसाला १० मिलिग्रॅम पुरतं. बकरीच्या, उंदराच्या शरीरात हे जीवनसत्त्व तयार होतं, माणसाचा त्यासाठीचा जीन फार पूर्वी बिघडला त्यामुळं आपल्याला ते खाण्यातनंच मिळवायला लागतं.

याची एक गोष्ट आहे ती आपल्या माणसांची आहे म्हणून सांगते. पहिल्या महायुद्धात आत्ताच्या इराकमध्ये कुत-अल-अमारा नावाच्या गावात इंग्रजांची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. त्यात मराठा पलटणी होत्या. आत अन्न संपत चाललेलं. गोऱ्या शिपायांना पांढऱ्या मैद्याचा पाव मिळायचा, त्यांना बेरीबेरी झाला, कारण बी-१ जीवनसत्त्व गव्हाच्या कोंड्यात आणि अंकुरात असतं आणि मैद्यात ते निघून जातं. आपल्या शिपायांच्या कणकेत कोंडा होता, त्यांना बेरीबेरी नाही झाला. पण ताजी भाजी नाही, आणि घोड्याचं मांस बहुतेकांनी बरेच दिवस खायला नकार दिला, त्यामुळं त्यांना स्कर्व्ही झाली, हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. दोन प्रकारचं जेवण, एकाच वेढ्यात दोन वेगळे आजार. पोषणशास्त्राला यातनं खूप शिकायला मिळालं, पण माणसांनी सोसून.

पुढं लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि एलन डेल्फ या दोघींनी गिनीपिगवर प्रयोग केले आणि १९१९ मध्ये छापलं की कोरड्या डाळी-कडधान्यांनी स्कर्व्ही थांबत नाही पण तीच भिजवून मोड आणली की थांबते. गिनीपिग घेतले कारण त्यांनाही आपल्यासारखंच क जीवनसत्त्व बनवता येत नाही. शिपाई जिथं जातील तिथं कडधान्याचं पोतं जातंच, त्याला फक्त पाणी, ओलं फडकं आणि एक-दोन दिवस पाहिजेत, असा त्याचा अर्थ. मी हे आत्यांना सांगितलं तेव्हा त्या हातातली मटकी निवडायची थांबल्या आणि म्हणाल्या, "पोरांस्नी कुणी सांगितलं असतं तर." मला पुढं काही बोलताच आलं नाही.

एवढं मात्र लक्षात ठेवा की क जीवनसत्त्व उष्णतेनं आणि पाण्यात जाऊन कमी होतं, म्हणजे मिसळीच्या कटात मटकी तासभर रटरटवली तर फार काही उरत नाही. आम्ही मटकी वेगळी, नुसती वाफ आणून ठेवायला लागलो, वरनं कट आणि लिंबू. आणि लिंबाचा दुसरा फायदा, कडधान्यातलं लोह आपल्या आतड्यात नीट शोषलं जात नाही कारण त्याला फायटिक अॅसिड धरून ठेवतं. मोड आणताना ते फायटिक अॅसिड काही प्रमाणात मोडतं आणि वरनं क जीवनसत्त्व लोहाला शोषायच्या रूपात आणतं. पोट फुगवणाऱ्या साखरासुद्धा मोड येताना कमी होतात, हे घरात सगळ्यांनाच जाणवलं.

दह्याचं थोडक्यात सांगते. दूध दोनदा तापवायचं आणि उरलेलं संध्याकाळी विरजायचं असं ठरलं. विरजणातले जिवाणू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक अॅसिड करतात, दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ६.६ च्या आसपासवरनं ४.६ कडं उतरतो आणि केसीन नावाचं प्रोटीन एकमेकाला धरून बसतं, तेच दही. योगर्टच्या विरजणात मुख्य दोन जातीचे जिवाणू असतात (घरच्या दह्यात आणखीही असू शकतात) आणि ते एकमेकांना लागेल ते पुरवतात, एक प्रोटीन तोडून देतो, दुसरा त्याला फॉर्मिक अॅसिड देतो, दोघं मिळून जेवढ्या झपाट्यानं वाढतात तेवढं एकेकट्याला जमत नाही. एप्रिलच्या उकाड्यात चार-पाच तासांत लागतं आणि सकाळपर्यंत आंबट, मग ताक, कढी, काही वाया गेलं नाही.

घरातलं हे चाललेलं असताना बाहेर दुसरंच काहीतरी झालं होतं. पहाटे दयाळ पक्षी इतका सुंदर गायला लागला, समोरच्या वायरीवर बसून, की आम्ही सगळे म्हणायला लागलो पक्षी जोरात गातायत. प्रत्यक्षात उलटं असू शकतं. सॅन फ्रान्सिस्कोत डोक्यावर पांढरे पट्टे असलेली एक चिमणी असते, तिच्या गाण्याची रेकॉर्डिंग्ज एलिझाबेथ डेरीबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडं आधीची होती, त्यांनी ती लॉकडाऊनच्या रेकॉर्डिंगशी ताडून बघितली. शहराचा आवाज १९५० च्या दशकाइतका कमी झालेला, आणि चिमण्या आधीपेक्षा हळू गात होत्या! पण गोंगाट नसल्यामुळं ते हळू गाणं आधीच्या दुप्पट अंतरापर्यंत पोचत होतं, आणि गाड्यांच्या घरघरीत बुडून जाणारे खालचे सूर त्यांनी परत वापरायला घेतले होते. काही आठवड्यांत. मला हे वाचून रडायला आलं होतं, इतकी वर्षं ती बिचारी ओरडून बोलत होती.

जमिनीचंही तसंच. बेल्जियमच्या रॉयल ऑब्झर्व्हेटरीतले थॉमस लेकॉक यांनी जगभरच्या २६८ भूकंपमापन केंद्रांच्या नोंदी गोळा करून दाखवलं की माणसांच्या हालचालीनं जमिनीत जी बारीक थरथर कायम चालू असते ती निम्म्यापर्यंत खाली आली होती. तिच्याखाली झाकले जाणारे छोटे धक्के त्यामुळं टिपता येतात. आम्हा लोकांना हे जवळचं आहे, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आत्या शाळेत होत्या, फडताळातली भांडी अंगावर आलेली त्यांना अजून आठवतात. कोयनेत आजही छोटे धक्के बसतात, आणि ते कसे होतात हे जमिनीच्या खोलात जाऊन अभ्यासायला कराडच्या सरकारी प्रयोगशाळेनं तिथं तीन किलोमीटर खोल बोअर घेतलंय.

उकाड्यामुळं आम्ही गच्चीवर झोपायला लागलो. पहिले चार दिवस पोरगा बारापर्यंत जागा, पाचव्या-सहाव्या दिवशी साडेनऊलाच डोळे मिटायला लागले आणि सकाळी उजाडलं की आपोआप उठायचा, उठवायला लागत नव्हतं. आपल्या डोळ्यात काही पेशी अशा असतात की त्या बघायचं काम करतच नाहीत म्हणलं तरी चालेल, निळसर उजेड किती आहे एवढं शरीरातल्या घड्याळाला कळवतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या केनेथ राइट यांनी २०१३ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात आठ जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं, बॅटरीसुद्धा नाही, फक्त शेकोटी. आठवड्यात त्यांचं मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं हॉर्मोन, जवळजवळ दोन तास आधी वाढायला लागलं. त्याच राइट यांनी २०२० मध्ये घरी बसलेल्या आपल्या विद्यार्थ्यांची झोप मोजली तर ती शाळा-कॉलेजच्या दिवशी अर्ध्या तासानं वाढली होती. सकाळचं कोवळं ऊन आणि रात्रीचा खरा अंधार, आमच्या गच्चीवर दोन्ही होतं.

जूनच्या मध्याला पाऊस लागला आणि माठ एकदम बंद पडल्यासारखा झाला. पोरानं परत थर्मामीटर लावला, माठात आणि पातेल्यात जेमतेम एका डिग्रीचा फरक. आत्या म्हणाल्या मातीला पाऊस कळतो. कळतोच की, हवेत आधीच बाष्प भरलेलं असलं की माठावरचं पाणी उडून जाणार कुठं? एप्रिलात ३७ डिग्री आणि आर्द्रता २५ टक्के असेल तर माठाला २२ पर्यंत उतरायची मुभा असते, जुलैत २५ डिग्री आणि ९० टक्के असेल तर २४ च्या खाली जायला जागाच नाही. त्यानं हे पण वहीत लिहून ठेवलं, तारीख घालून. फ्रिजवाला जूनच्या शेवटी येऊन गेला, कॉम्प्रेसर बदलला, पण मटकी आम्ही आजही फडक्यातच बांधतो, फक्त पावसाळ्यात गाठोडं चुलीच्या उबेला ठेवायला लागतं, नाहीतर मोड यायला दीड दिवस घेते.