प्रतिपिंडे आणि पूरक प्रणाली

रक्तात व ऊतींत शिरलेल्या जंतूंचा नाश करणाऱ्या दोन प्रथिनव्यवस्था. प्रतिपिंडे ठरावीक जंतू किंवा विष ओळखून त्याला चिकटतात. विष निकामी करायला किंवा विषाणूला पेशीत शिरू न द्यायला एवढे चिकटणे पुरते. जिवाणूचे तसे नाही. प्रतिपिंड चिकटल्यावरही तो जिवंत राहू शकतो. त्याला मारण्याचे काम पूरक प्रथिने आणि जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी करतात. लसीकरणाच्या चर्चेत पूरक प्रणालीचे नाव सहसा निघत नाही, ही मोठी उणीव आहे.

हे दोन घटक वेगळे आहेत हे जूल बॉर्दे यांनी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १८९५ च्या सुमारास दाखवले. कॉलऱ्याविरुद्ध लस टोचलेल्या प्राण्याच्या रक्तरसात कॉलऱ्याचे जंतू विरघळून जात. तोच रक्तरस सुमारे ५५ अंश सेल्सियसला तापवला की जंतू विरघळेनासे होत. मग त्यात लस न टोचलेल्या प्राण्याचा थोडा ताजा रक्तरस मिसळला. एकट्याने तो निष्प्रभ होता, पण मिसळताच जंतू पुन्हा विरघळू लागले. म्हणजे उष्णता सोसणारा घटक लसीमुळे तयार होतो, आणि उष्णतेने नष्ट होणारा घटक प्रत्येकाच्या रक्तात आधीपासूनच असतो. पहिला प्रतिपिंड, दुसरा पूरक. इतक्या साध्या साधनांनी इतके मूलभूत उत्तर क्वचितच मिळाले असेल. बॉर्दे यांना १९१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रतिपिंडाचा मूळ रेणू इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा असतो. वरची दोन टोके प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंड ज्याला ओळखते तो भाग, पकडतात. खालचा दांडा पूरक प्रथिनांना व भक्षक पेशींना जागा देतो. संसर्गात आधी तयार होणाऱ्या आयजीएम या प्रतिपिंडप्रकारात बहुधा असे पाच रेणू जोडलेले असतात. मोकळेपणी फिरताना तो चपटा असतो. जिवाणूच्या पृष्ठभागावर बसला की त्याचे पाय वाकतात, एरवी झाकलेल्या जागा उघड्या पडतात आणि तिथे सी१ हे पूरक प्रथिन येऊन बसते. त्यामुळे रक्तात नुसत्या फिरणाऱ्या आयजीएममुळे पूरक साखळी सुरू होत नाही. आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडप्रकाराचे मात्र साखळी सुरू होण्यासाठी अनेक रेणू शेजारीशेजारी बसावे लागतात.

पूरक प्रणालीत तीसहून अधिक प्रथिने असून त्यांतली बरीचशी यकृतात तयार होतात. सी१ जागे झाले की एक प्रथिन दुसऱ्याला कापत जाते आणि पाळी सी३ वर येते. प्रतिपिंडांशिवाय सुरू होणारे दोन मार्गही इथेच येऊन मिळतात. सी३ तुटून निघालेला सी३बी हा तुकडा क्षणभरच चिकट असतो; तेवढ्यात जवळचा पृष्ठभाग सापडला नाही तर तो निकामी होतो. म्हणूनच त्याचा थर मुख्यतः खूण झालेल्या जंतूवरच चढतो. असा माखलेला जंतू भक्षक पेशी चटकन गिळतात. पुढे तयार होणारा सी५ए पांढऱ्या पेशींना संसर्गाच्या जागी ओढून आणतो, तर सी५बी ते सी९ ही प्रथिने मिळून जिवाणूच्या पटलाला भोक पाडतात. जाड भित्तिकेच्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंवर ही भोके चालत नाहीत. तिथे सगळी भिस्त गिळण्यावर असते.

आपल्या पेशींवर पूरकापासून वाचवणारी सीडी५५ आणि सीडी५९ ही संरक्षक प्रथिने असतात. तरीही चुकीच्या गटाचे रक्त चढवले तर आयजीएमचा मारा त्यांना पुरून उरतो आणि तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात. १९५२ मध्ये वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटाच्या व्यक्तींत ‘ओ’ गटाच्या तांबड्या पेशींवरही असणाऱ्या ‘एच’ प्रतिजनाविरुद्ध प्रतिपिंडे असतात. त्यामुळे त्यांना ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही. बॉम्बे गटाचाच दाता शोधावा लागतो.

सी५ ते सी९ पैकी एखादे प्रथिन जन्मतःच नसलेल्यांना प्रतिपिंडे असूनही मेनिंगोकॉकस या मेंदूज्वराच्या जिवाणूचा संसर्ग पुन्हापुन्हा होऊ शकतो. पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्युरिया या विकारात तांबड्या पेशींवरची संरक्षक प्रथिने नाहीशी होतात. त्यावरचे एक्युलिझुमॅब हे औषध सी५ रोखते. तेही एक प्रतिपिंडच आहे. ते सुरू करण्यापूर्वी, शक्यतो दोन आठवडे आधी, रुग्णाला मेनिंगोकॉकसची लस द्यावी लागते.