स्वेटरचा चटका आणि बोर्डाचा करंट, दोन्ही वीजच पण सारखी नाही

जानेवारीत आपल्या नाशिकची हवा एकदम कोरडी असते आणि तेव्हाच घरोघरी हे सुरू होतं, रात्री स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, लाईट बंद असेल तर बारीक ठिणग्यापण दिसतात. परवा सातवीतला भाचा मला म्हणाला, "मामा, मला रोज करंट बसतो, काही होत नाही." ऐकून खरंच पोटात गोळा आला, कारण त्याच्या डोक्यात स्वेटरचा चटका आणि भिंतीवरच्या बोर्डाचा करंट एकच झालं होतं.

आधी चटक्याचं बघू. सगळ्या वस्तूंत प्लस आणि मायनस चार्ज सारखेच असतात म्हणून एरवी काही जाणवत नाही. प्लास्टिकचा कंगवा कोरड्या केसांतून फिरवला की केसांतले थोडे इलेक्ट्रॉन, म्हणजे मायनस चार्जचे अतिबारीक कण, कंगव्यावर जातात, कंगवा मायनस होतो, केस प्लस होतात. प्लास्टिकमधून चार्ज वाहत नाही, तो आहे तिथेच बसून राहतो, म्हणून ही स्थिर वीज. केस उभे का राहतात, तर सगळेच प्लस झाले ना, एकमेकांना ढकलतात. आता मुलं हमखास विचारतात की कागदाला तर आपण घासलंच नाही, मग कपटे कंगव्याला का चिकटतात? तर कंगवा जवळ आला की कपट्यातले मायनस चार्ज किंचित लांब सरकतात, कंगव्याकडची बाजू प्लस होते, आणि जवळच्याची ओढ लांबच्याच्या ढकलण्यापेक्षा जास्त पडते, म्हणून कपटा उडी मारतो. मला स्वतःला हा भाग सगळ्यात भारी वाटतो.

बोर्डातली वीज मात्र बसून राहत नाही, ती वाहते. तांब्याच्या वायरीत इलेक्ट्रॉन आधीपासूनच भरलेले असतात, गच्चीवरच्या टाकीपासून नळापर्यंत पाईप भरलेला असतो तसे, म्हणून नळ उघडला की लगेच पाणी येतं आणि बटण दाबलं की लगेच बल्ब लागतो. इलेक्ट्रॉन काही एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून धावत येत नाहीत, घरातल्या एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या, सप्लायमध्ये ते सेकंदाला ५० वेळा जागच्या जागी मागे-पुढे हलतात, बस.

आता खरी गडबड व्होल्टची. व्होल्ट म्हणजे वीज किती जोरात ढकलली जाते ते, पाण्याची टाकी किती उंचावर आहे तसं. घरातला सप्लाय २३० व्होल्टचा, आणि बोटाला जाणवणाऱ्या स्थिर विजेच्या चटक्यात साधारण ३००० व्होल्ट किंवा त्याहून जास्त असतात! मग जास्त व्होल्टचा चटका नुसता टोचतो आणि कमी व्होल्टचा बोर्ड जीव घेतो, असं कसं? कारण स्वेटरवर चार्ज असतो चिमूटभर, क्षणात संपतो, उंचावरून एक थेंब अंगावर पडावा तसं. बोर्डाच्या मागे मात्र अख्खं गंगापूर धरण उभं आहे असं समजा, हात लागला की वाहतच राहतं, वरून स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही. ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ४० मिलिअँपिअर करंट घेतो (करंट अँपिअरमध्ये मोजतात, मिलिअँपिअर म्हणजे त्याचा हजारावा भाग), तेवढा करंट छातीतून गेला तरी जिवावर बेतू शकतं. येवल्याला संक्रांतीला पतंग तारेत अडकला तर म्हणूनच काढायला जायचं नाही, मांजा ओला किंवा धातूचा असेल तर करंट सरळ हातात येतो.

पण म्हणून स्थिर वीज नेहमीच गरीब असते असं समजू नका. आकाशातली वीज म्हणजे ढगात साठलेला हाच चार्ज, फक्त प्रचंड, आणि पडते तेव्हा करंट साधारण ३०,००० अँपिअरपर्यंत जातो. अवकाळी पावसात द्राक्षबागेत असाल आणि गडगडाट ऐकू आला तर मांडवाच्या लोखंडी तारा-अँगलपासून लांब व्हा, तारेवर लांब कुठेतरी वीज पडली तरी करंट तारेतून तुमच्यापर्यंत येऊ शकतो, झाडाखालीपण नको, सरळ पक्क्या घरात जा.

आणि छोटी ठिणगीसुद्धा जागा चुकली की घात करते. मनमाडजवळ पानेवाडीला इंधनाचे डेपो आहेत, तिथून निघालेला टँकर पंपावर रिकामा करायच्या आधी त्याला अर्थिंगची, म्हणजे चार्ज जमिनीत सोडणारी, वायर जोडतात, कारण पेट्रोल पाईपातून वाहतानाही चार्ज साठतो आणि पेट्रोलच्या वाफेला एवढीशी ठिणगी पुरते.

भाच्याला कंगव्याचा प्रयोग आत्ता करून दाखवलाय, जुलैत भर पावसात परत करायला सांगणार आहे, तेव्हा कपटे जेमतेम हलतील, हवेतल्या ओलाव्यामुळे चार्ज टिकतच नाही. का ते त्यानेच मला समजावून सांगायचं असं ठरलंय.